पदवी नसली तरी विद्या हवी
(पाथरी, जि. परभणी येथे युवकांसमोर झालेल्या भाषणाचा सारांश)



पाथरीच्या काळ्या जमिनीत लोखंडी नांगराचे आज कोणालाही अप्रूप नाही. परंतु महाराष्ट्रातील शेतकऱ्यासाठी असा नांगर घडविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांपाशी अभियांत्रिकीची पदवी नव्हती, हे किती जणांना ठाऊक आहे?

१८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव चित्रकार होण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. काही रंगांतील भेद डोळ्यांना उमगत नाही, असे आढळले आणि तो मार्ग खुंटला. त्यांनी यांत्रिक रेखाटनाची कास धरली. पुढे तोच विषय मुंबईत शिकविला. नोकरी सोडून बेळगावात सायकलींचे दुकान काढले, कडबा कापण्याचे यंत्र व नांगर तयार केले. लोखंडाने जमीन विषारी होते, या समजापायी नांगरांना गिऱ्हाईक मिळेना. तरीही ते डगमगले नाहीत. १९१० मध्ये औंध संस्थानच्या साहाय्याने माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

याचा अर्थ शिक्षण निरर्थक, असा मुळीच नव्हे. पदवी नसणाऱ्याला दुप्पट शिकावे लागते आणि त्याची परीक्षा ग्राहक रोज घेतो. शिवाय मार्गही खुले झाले आहेत. १९८९ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने काम सांभाळून पदवी घेण्याची वाट दाखविली. २०१५ च्या प्रधानमंत्री कौशल विकास योजनेने अनुभवातून आलेले कौशल्य पारखून प्रमाणपत्र देण्याची सोय केली.

गॅरेजात वा मोटार-पंपाच्या दुकानात राबणाऱ्या तरुणाने स्वतःला अशिक्षित समजू नये. शिकणे मात्र एक दिवसही थांबवू नये.