तहकुबी आणि माघार

(अकोला येथील एका बुद्धविहारात नवदीक्षित कुटुंबे व महाविद्यालयीन विद्यार्थी यांच्या सभेत एका वकिलांनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आपण मला ‘शांतता आणि सामाजिक न्याय’ या विषयावर बोलावयास सांगितले आहे. विषय मोठा आहे आणि मी जिल्ह्याच्या ठिकाणचा साधा वकील आहे. तेव्हा माझ्या टेबलावर आलेल्या एका कागदापासूनच आरंभ करतो.

पंधरा दिवसांपूर्वी आपल्या जिल्ह्यातील एका खेड्यातून एक कुटुंब माझ्याकडे आले. गेल्याच वर्षी त्यांनी धम्मदीक्षा घेतली आहे. थोरल्या मुलाचे लग्न बौद्ध पद्धतीने झाले व वरात गावच्या हमरस्त्याने निघाली. देवळापाशी ती अडविण्यात आली. जातीवरून शिवीगाळ झाली, ढकलाढकली झाली आणि नवरदेवाच्या काकांचा हात मोडला. दुसरे दिवशी सकाळी तंटामुक्ती समितीची बैठक भरली. ‘आमची कोणाविरुद्ध काही तक्रार नाही’ असा मजकूर तेथे अगोदरच लिहून तयार होता. वडिलांनी त्याखाली सही केली. धाकटा मुलगा अकोल्यास महाविद्यालयात शिकतो. तो शनिवारी एस.टी.ने गावी गेला, त्याने हा प्रकार ऐकला आणि सर्वांना घेऊन तो माझ्याकडे आला. तो म्हणाला, “वकीलसाहेब, बाबांनी सही केली ती गावात शांतता राहावी म्हणून. आता आम्ही तक्रार केली तर शांतता मोडल्याचा दोष आमच्यावर येईल काय?”

या प्रश्नाचे उत्तर मी त्या दिवशी कायद्याचे कलम दाखवून दिले. परंतु तेवढ्याने त्याच्या वडिलांचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगावयाचे तर माझेही झाले नाही. म्हणून आज जरा सविस्तर बोलतो.

न्यायालयात दोन शब्द नित्य कानी पडतात. एक तहकुबी आणि दुसरा माघार. काम तहकूब झाले म्हणजे ते पुढील तारखेस ठेवले गेले. हक्क जागच्या जागी राहतो. दावा काढून घेतला म्हणजे मात्र तो संपला. न्यायालयाच्या परवानगीवाचून काढून घेतलेला दिवाणी दावा त्याच कारणासाठी पुन्हा लावता येत नाही. अडाणी पक्षकारास हा भेद कळत नाही असे आम्ही वकील समजतो, पण आपल्या चळवळीच्या इतिहासात तो भेद फार लवकर ओळखला गेला होता, आणि तोही आपल्या वऱ्हाडात.

सन १९२३ मध्ये किंग एडवर्ड कॉलेज निघाल्यापासून अमरावती हे वऱ्हाडच्या विद्येचे ठाणे बनले होते. त्याच शहरात १९२७ साली अंबादेवीच्या देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ उभी राहिली. तीत आपले लोक होते, तसेच विलायतेहून नुकतेच बॅरिस्टर होऊन आलेले डॉ. पंजाबराव देशमुख होते. समोरच्या बाजूस देवस्थान समितीच्या अग्रभागी दादासाहेब खापर्डे यांच्यासारखे, टिळकांचे सहकारी म्हणून नावाजलेले वकील. (दोन्ही बाजूंस आमच्याच धंद्यातील माणसे होती. तेव्हा वकील न्यायाच्याच बाजूस उभा असतो असे कोणी समजू नये.) त्या वर्षीच्या नोव्हेंबरात १३ तारखेस इंद्रभुवन थिएटरमध्ये वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष होते. परिषद चालू असतानाच त्यांचे थोरले बंधू बाळाराम यांच्या मृत्यूची वार्ता येऊन पोहोचली. अशा मनःस्थितीत त्यांनी त्या सभेचे काम चालविले. सत्याग्रहास सिद्ध झालेले लोक समोर बसलेले होते. आणि निर्णय झाला तो असा की, विश्वस्तांना विचार करण्यास अवसर मिळावा म्हणून सत्याग्रह तूर्त तहकूब करावा.

तहकूब केला, मागे घेतला नाही, याकडे आपले लक्ष वेधतो. ‘आम्हांस देवळात जावयाचे नाही’ किंवा ‘आमची काही तक्रार नाही’ असे त्या परिषदेने लिहून दिले नाही.

यानंतर दीड महिन्याच्या आतच महाडास हाच प्रसंग पुन्हा आला. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले होते, आणि डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह व्हावयाचा होता. १४ डिसेंबरास प्रतिपक्षाने दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम मिळविला. हजारो लोक पाणी घेण्याच्या निश्चयाने जमले होते. बाबासाहेबांनी त्यांना थांबविले. लोकांनी तळ्याभोवती शिस्तीने मिरवणूक काढली आणि ते घरोघर परतले. त्या दिवशी पुष्कळांना ती हार वाटली असेल. परंतु बाबासाहेबांनी तो दावा सोडला नाही. महाडच्या न्यायालयात १९३१ साली निकाल आपल्या बाजूने लागला, अपील झाले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तळ्यावर अस्पृश्यांना बंदी घालण्याचा प्रतिपक्षाचा अधिकार अखेरचा फेटाळला. सुमारे सव्वानऊ वर्षे तारखा चालल्या. मी स्वतः तारखांना कंटाळणारा माणूस आहे. कंटाळा आला की या दाव्याची आठवण करतो.

आता आपण देवळात जात नाही, तेव्हा अंबादेवीची ही जुनी गोष्ट आपणांस कशाला, असे एखादा नवदीक्षित विचारील. विचारणे योग्य आहे. मध्यप्रांत-वऱ्हाडचा मंदिरप्रवेशाचा कायदा १९४७ साली झाला. तोवर १३ ऑक्टोबर १९३५ची येवल्याची घोषणा होऊन बारा वर्षे लोटली होती. दार उघडण्याची वेळ आली तेव्हा आपण त्या दारापासून निघालेलो होतो. देऊळ आपले नाही, हे खरे. पण त्यापुढचा रस्ता सर्वांचा आहे. तो सार्वजनिक पैशाने बांधला आहे व ग्रामपंचायतीच्या दप्तरात नोंदलेला आहे. ज्या कुटुंबाची गोष्ट मी सांगितली, त्यांना देव नको होता. त्यांना रस्ता हवा होता.

आता अकोल्याकडे येतो. १३ मे २०२३च्या रात्री आपल्या जुन्या शहरात दंगल झाली हे येथील लहान मुलासही ठाऊक आहे. एका माणसाचा त्यात जीव गेला. जमावबंदी लागली, शांतता समितीच्या बैठका झाल्या, दुकाने उघडली, सर्व काही पूर्ववत् झाले असे सर्वांनी म्हटले. परंतु त्या रात्री जखमी झालेल्या सतरा वर्षांच्या एका मुलाचे म्हणणे असे होते की, त्या माणसाची हत्या आपण डोळ्यांनी पाहिली आणि म्हणूनच आपल्यावर हल्ला झाला. त्याच्यावरील हल्ल्याचा गुन्हाच नोंदला गेला नाही. उच्च न्यायालयात दाद मिळाली नाही. तरी ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले गेले आणि ११ सप्टेंबर २०२५ रोजी त्या न्यायालयाने पोलिसांच्या कर्तव्यच्युतीवर ताशेरे ओढून विशेष तपास पथक नेमण्याचा आदेश दिला. (पथकाच्या रचनेविषयी पुढे फेरविचाराचा वाद निघाला, तो आजच्या विषयाबाहेरचा म्हणून सोडतो.) तो मुलगा खरे सांगतो की नाही हे तपासाने ठरावयाचे. माझा मुद्दा एवढाच की, शहर शांत झाल्यावर दोन वर्षांहून अधिक काळ एक घर आपला कागद हाती धरून उभे राहिले. ते घर मुसलमानाचे आहे. आपल्या वस्तीत त्याची चर्चा फारशी झाली नाही, याचे मला वाईट वाटते.

आता त्या सहीविषयी. तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाली आणि तंटे मिटविणाऱ्या गावांस रोख पुरस्कार ठेवण्यात आले. बांधाचा, पाण्याचा, भावाभावांचा तंटा गावात मिटला तर कोणास नको आहे? माझ्या हातचे काम गेले तरी मला आनंदच आहे. परंतु अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हा हा तंटा नव्हे. तो तडजोडपात्र नाही. गावातल्या सहीने तो मिटत नाही. तो रद्द करावयाचा तर उच्च न्यायालयापुढे जावे लागते आणि तेथेही समझोता दडपणाखाली झाला नाही ना, हे पाहिले जाते. तेव्हा वडिलांनी सही केली म्हणून हक्क गेला असे नाही.

त्या बैठकीत आणखी एक वाक्य बोलले गेले, आणि नवदीक्षितांनी ते नीट ऐकावे. “तुम्ही आता बौद्ध झालात, तुम्हांला जात कुठे राहिली? मग जातीवरून अपमान कसला?” वाक्य चतुर आहे. शिवी देताना जात आठवते आणि जबाब देताना विसरते! कायद्याची स्थिती अशी आहे : १९९० साली संसदेने अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती करून हिंदू व शीख यांच्याबरोबर बौद्धांचा समावेश केला. त्यामुळे अनुसूचित जातीतून धम्मात आलेल्याचे संरक्षण जात नाही. मात्र जे बांधव इतर मागासवर्गातून वा अन्य जातींतून आले आहेत, त्यांना दीक्षेने अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. त्यांनी सामान्य फौजदारी कायद्याचा आश्रय घ्यावा. कोणी त्यांना खोटी आशा दाखवू नये. ज्यांना दाखला मिळावयाचा आहे त्यांनी तो आजच काढून ठेवावा, भांडण झाल्यावर नव्हे.

ठाण्यात तक्रार घेतली नाही तर काय, असे विद्यार्थी विचारतात. १९९५च्या नियमांत पाचवा नियम आहे. ठाणेदाराने नाकारल्यास हकीकत लिहून टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी. पोचपावती जपून ठेवावी. बहिष्कार घालणे वा तशी धमकी देणे हाही २०१६पासून या कायद्याखाली निराळा गुन्हा आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता व सनियंत्रण समिती असते. तिची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हावयास हवी. ती झाली काय, किती प्रकरणे पुढे आली, हे विचारण्यास वकिली लागत नाही. महाविद्यालयातील चार मुले एक अर्ज घेऊन कचेरीत गेली तर हे काम होते. जयंतीच्या मिरवणुकीस ज्या संख्येने आपण जमतो, तिच्या शतांश संख्येने या खिडकीपाशी उभे राहिलो तरी पुष्कळ झाले. हे मी रागाने बोलत नाही. मीही विद्यार्थिदशेत मिरवणुकीतच अधिक होतो.

तथापि वडिलांचे भय मी हसण्यावारी नेऊ शकत नाही. त्यांचे तीन एकर शेत आहे. तेथे जाणारी बैलगाडीची वाट दुसऱ्याच्या धुऱ्यावरून जाते. कापसाची शेवटची वेचणी राहिली आहे. कायदा मुंबई-दिल्लीत होतो आणि धुरा गावात असतो. शांततेची किंमत त्यांच्याकडूनच दर वेळी वसूल केली जाते, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले कळते.

त्या दिवशी झाले ते असे. काकांच्या हाताचा वैद्यकीय दाखला होता. फौजदारी कामात विलंब घातक असतो, म्हणून त्यांच्या सहीचा अर्ज त्याच दुपारी अधीक्षकांकडे टपालाने गेला. धाकट्या मुलाने तो स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिला. मी फक्त दोन वाक्ये दुरुस्त केली. वडील मात्र आपला जबाब देण्यास तयार झाले नाहीत. ते म्हणाले, “साहेब, कापूस घरी येऊ द्या.” मी त्यांना उशिराचे तोटे सांगितले. ते ऐकून घेऊन त्यांनी पुन्हा तेच म्हटले. मग मी म्हणालो, “ठीक आहे. पण तारीख सांगा.” ते उठले, माझ्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेपाशी गेले आणि पुढील सोमवारवर त्यांनी बोट ठेवले. मी ती तारीख माझ्या डायरीत लिहिली आणि मुलाने आपल्या वहीत.

तो सोमवार परवा आहे. मुलगा या सभेत मागे बसला आहे. ठाण्यात त्यांच्याबरोबर कोण कोण येणार, ते सभा संपल्यावर त्याच्यापाशी नोंदवावे. सकाळी दहाला बसस्थानकावर जमावयाचे आहे.

जयभीम.