अगदी मामावर गेलाय!



सकाळपासून आपण एकमेकांच्या मुलांचे फोटो बघतोय आणि प्रत्येक फोटोला 'अगदी तुझ्यावर गेलाय' हा शेरा मिळतोय. चेहऱ्यापुरतं ठीक आहे. मी मात्र तो शेरा मुलाच्या गणिताला लावला. 'मामावर गेलाय, रक्तातच नाही,' असं म्हणून वर्षभर त्याला गणित शिकवायला बसलेच नाही.

माझी चूक मला एका आजाराबद्दल वाचताना कळली. १९३४ साली नॉर्वेत एक आई आपल्या दोन मुलांना घेऊन डॉ. फोलिंग यांच्याकडे गेली. दोघांची बौद्धिक वाढ खुंटली होती आणि लघवीला विचित्र वास यायचा. लघवीच्या तपासणीतून फोलिंग यांनी जो आजार शोधला, त्याला आज पीकेयू म्हणतात. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलं, की प्रथिनांतल्या फिनाइलअ‍ॅलनिन या घटकाचं शरीरात नीट विघटन होत नाही. तो साचतो आणि मेंदूला इजा करतो. 'रक्तातच आहे' म्हणायला याहून पक्कं उदाहरण कुठलं?

पण १९५०च्या दशकात हा घटक अगदी कमी असलेला आहार तयार झाला. पुढच्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी बाळाच्या टाचेतल्या रक्ताच्या थेंबावर होणारी चाचणी आणली. जन्मानंतर लगेच निदान होऊन पथ्य पाळलं, तर असं मूल इतरांसारखं शिकतं. जनुक तेच राहतं, ताट बदलतं. माझ्या कामाच्या भाषेत, कोड तोच, इनपुट वेगळं.

गणित किंवा स्वभाव इतका सरळ नाही. त्यात अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो आणि सगळी मुलं सारखीच पुढे जातील, असंही नाही. पण 'आनुवंशिक' म्हणजे 'न बदलणारं' नव्हे.

आठवतं ना, गणिताच्या बाई शाळा सुटल्यावर व्हरांड्यात सतरंजी टाकून आम्हा सात-आठ 'ढ' मुलांना थांबवून घ्यायच्या? आमचे आईवडील किती शिकलेत, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

बाई, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते. आता मी रोज संध्याकाळी मुलाजवळ अर्धा तास बसते. सहामाहीत मार्क फारसे वाढले नाहीत. पण परवा वही घेऊन तो आपणहून आला.