दहा पावलांचा वेग आणि शंभर मीटरांचा वेग



वसंतातील व्याख्यानांत इतिहास, वाङ्मय, अर्थकारण किंवा अध्यात्म यांपैकी एखादा विषय असावयाचा, हा आपला जुना रिवाज. त्यांत पळण्यावर भाषण ठेवणे म्हणजे श्रीखंडाच्या पंगतीत भेळ वाढण्यासारखे कोणास वाटेल. परंतु ज्या शहरात मुले रोज मैदानावर जातात आणि आईबाप 'आमचा मुलगा फार वेगवान आहे हो' असे कौतुकाने सांगतात, त्या शहराने 'वेगवान' या शब्दाचा अर्थ एकदा तरी तपासून घ्यावयास हवा. आज आम्हांस तेवढेच काम करावयाचे आहे.

वाद तसा जुना आहे. एक पक्ष म्हणतो, खोखोचा चांगला गडी धावपट्टीवर उतरविला तर भल्याभल्यांना मागे टाकील. दुसरा पक्ष हसून म्हणतो, खोखोत कसला आला वेग? शंभर मीटर पळून दाखवा! दोन्ही पक्ष छातीठोकपणे बोलतात. आणि आमच्या मते दोन्ही पक्ष एकच चूक करितात. सोने तोलण्याचा काटा निराळा आणि ज्वारी तोलण्याचा निराळा, हे गुलमंडीच्या बाजारात वाढलेल्या माणसास सांगावयास नको. पण वेगाचा प्रश्न आला की आपण एकाच काट्यावर सारा माल तोलू लागतो.

असाच वाद सातासमुद्रापलीकडे अमेरिकेतही चालतो आणि तेथे तो आकड्यांनिशी चालतो, म्हणून प्रथम तिकडे पाहू. तेथे फुटबॉल या नावाने जो खेळ चालतो तो आपल्या फुटबॉलहून अगदी वेगळा आहे. लांबट चेंडू छातीशी धरून धावावयाचे, आणि समोरच्यांनी त्यास आडवे पाडावयाचे, असा तो धसमुसळा खेळ. त्यांच्या व्यावसायिक संघांत निवड होण्यापूर्वी खेळाडूंची चाळीस यार्ड, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटर, पळण्याची चाचणी घेतात. २०२४ साली झेवियर वर्दी या खेळाडूने हे अंतर ४.२१ सेकंदांत तोडून त्या चाचणीचा विक्रम केला.

आता उसेन बोल्टची २००९ सालची बर्लिनची शर्यत घ्या. शंभर मीटर ९.५८ सेकंदांत. त्या शर्यतीचे टप्प्याटप्प्याचे मोजमाप उपलब्ध आहे. तीस मीटर ३.७८ सेकंदांत, चाळीस मीटर ४.६४ सेकंदांत. यावरून हिशेब केला तर साडेछत्तीस मीटरची खूण त्याने सुमारे ४.३५ सेकंदांना ओलांडली. म्हणजे तो फुटबॉलचा गडी बोल्टहून वेगवान ठरला की काय?

नाही. येथेच काट्याचा प्रश्न येतो. धावपट्टीवर घड्याळ सुरू होते ते पिस्तुलाच्या आवाजाबरोबर. तो कानी पडून शरीर हलेपर्यंतचा काळही धावपटूच्या खात्यावर पडतो. बर्लिनला बोल्टचा तो काळ ०.१४६ सेकंद होता. फुटबॉलच्या चाचणीत पिस्तूल नाही. खेळाडूने मनास येईल तेव्हा निघावयाचे आणि तो हलला की वेळ घेणाऱ्याने घड्याळ सुरू करावयाचे. बोल्टचा तो आरंभीचा काळ वजा केला की उरतात सुमारे ४.२० सेकंद. दोघे बरोबरीस आले! अर्थात एकाच्या पायांत खिळ्यांचे बूट होते, मागे टेकण्यास ठोकळे होते, पाठीशी थोडा वाराही होता. तेव्हा ही तुलना शतांशापर्यंत ताणू नये. पण मोठा बोध स्पष्ट आहे. पहिल्या साडेछत्तीस मीटरांत जगातील सर्वश्रेष्ठ धावपटू आणि चेंडूचा चपळ गडी यांच्यात फारसे अंतर नसते.

मग अंतर पडते कोठे? तेही पाहू. डी. के. मेटकाफ नावाचा, शंभर किलोंहून अधिक वजनाचा फुटबॉलपटू आहे. २०१९ सालच्या चाचणीत त्याने चाळीस यार्डांस ४.३३ सेकंद घेतले. म्हणजे बोल्टच्या हिशेबी वेळेहून तेरा शतांश जास्त. पुढे मे २०२१ मध्ये तो कॅलिफोर्नियात खऱ्याखुऱ्या धावपटूंबरोबर शंभर मीटर पळाला. वेळ १०.३६ सेकंद आणि क्रमांक आपल्या शर्यतीत शेवटचा. बोल्टच्या विक्रमाशी तुलना केली तर तेरा शतांशांचे अठ्याहत्तर शतांश झाले. जमिनीवर मोजाल तर सात-आठ मीटर. आरंभी जे दोघे जवळजवळ खांद्यास खांदा लावून असते, त्यांच्यात अखेरीस एक प्रशस्त खोली मावेल एवढे अंतर पडले. मात्र मेटकाफला हसण्याची घाई कोणी करू नये. त्या वर्षी भारताचा राष्ट्रीय विक्रम १०.२६ सेकंद होता, म्हणजे हा अवजड गडी त्याच्या केवळ एक दशांश मागे होता. जुलै २०२५ मध्ये आपल्या अनिमेष कुजूरने १०.१८ सेकंदांची वेळ दिली, हे येथे अभिमानाने सांगितले पाहिजे.

याचे कारण शरीराच्या यंत्रात आहे. धाव ही एकसंध वस्तू नाही. तिचे तीन भाग पडतात: वेग घेणे, वेगाचे शिखर गाठणे आणि ते शिखर टिकविणे. बोल्टला पहिल्या दहा मीटरांस १.८९ सेकंद लागले, म्हणजे सरासरी सेकंदास सव्वापाच मीटर. साठ ते ऐंशी या वीस मीटरांस मात्र १.६१ सेकंद, सेकंदास बारा मीटरांहून अधिक. जो माणूस पुढे वाऱ्यासारखा उडाला, तोच आरंभी त्याच्या निम्म्याहून कमी गतीने चालला होता. आरंभी पाय जमिनीस मागे रेटतात, तेथे मांड्यांचा जोर कामास येतो. पुढे पाऊल जमिनीस टेकते न टेकते तोच उचलावे लागते आणि तेवढ्या क्षणार्धात सगळे बळ ओतावे लागते. ही विद्या निराळी आहे, आणि ती वर्षानुवर्षे केवळ धावूनच येते.

आता आपण घरी परत येऊ. खोखोच्या मैदानाची लांबी २७ मीटर आणि दोन खांबांमधले अंतर सुमारे २४ मीटर. बोल्टला एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत नाकासमोर पळू दिले, तरी दुसऱ्या खांबाशी पोहोचेतो त्याचा वेग वाढतच असेल. म्हणजे त्याच्या भात्यातील सर्वांत मोठा बाण या मैदानावर बाहेरच निघावयाचा नाही! आणि नाकासमोर पळू देतो कोण? पाठलाग करणाऱ्याने मधली पाटी ओलांडावयाची नाही, एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे फिरावयाचे नाही. पळणाऱ्याला मात्र दोन्ही बाजू मोकळ्या. तो एकेरी साखळीने बसलेल्या गड्यांमधून नागमोडी जातो, हूल देतो, थबकतो, वळतो. गुलमंडीच्या चौकात सणासुदीच्या संध्याकाळी ज्याने सायकल चालविली आहे, त्याला हे चटकन कळेल. तेथे बोल्टलाही आपला विक्रम खिशात घालूनच चालावे लागेल.

वेग धरण्याइतकेच वेग मोडणे अवघड असते. पुढे झेपावलेले शरीर थांबवावयाचे तर पायांनी जमिनीस उलट रेटा द्यावा लागतो आणि लगेच दुसऱ्या दिशेने पुन्हा शून्यातून निघावे लागते. खोखोचा गडी एका डावात हे कितीदा करितो ते मोजून पाहा. त्याची सारी धाव ही पहिल्या दहा पावलांची धाव आहे. पाठलागाचे कौशल्य तर एकट्याचे नव्हेच. उकिडवा बसलेला गडी 'खो' कानी पडताच उसळतो. आधी उठला तर चूक धरली जाते. धावपट्टीवर पिस्तुलानंतर एक दशांश सेकंदाच्या आत हललेला धावपटू असाच दोषी ठरतो. दोन्हीकडे कान आणि पाय यांमधला तोच करार आहे. आणि दमलेल्याने ताज्याकडे वेग सोपवावयाचा, ही खोखोतील युक्ती धावपट्टीवरही आहे. चार जणांनी प्रत्येकी शंभर मीटर पळण्याच्या शर्यतीत जमैकाने २०१२ साली ३६.८४ सेकंदांचा विक्रम केला. चारांनी भागा, प्रत्येकी ९.२१ येतात. बोल्टहूनही वेगवान! कारण त्यांतील तिघे जण उभ्याने नव्हे, धावताधावता काठी घेतात.

हे सर्व ऐकून कोणी म्हणेल, असो, एक वेगवान असा आणि दुसरा वेगवान तसा. आमचे काय जाते? जाते, आणि पुष्कळ जाते. २०१९ साली मध्य प्रदेशातील एका तरुणाची चित्रफीत देशभर फिरली. अनवाणी, डांबरी रस्त्यावर, शंभर मीटर अकरा सेकंदांत, असा बोलबाला झाला. त्याला भोपाळास नेऊन रीतसर पळविले, तेव्हा तो शेवटचा आला. २०२० साली कर्नाटकातील कंबळ्यात, चिखलातून रेड्यांच्या जोडीमागे, एका गड्याने १४२.५ मीटर १३.६२ सेकंदांत तोडले. लोकांनी त्रैराशिक मांडले आणि त्याला बोल्टहून श्रेष्ठ ठरविले. त्या गड्याचे शहाणपण असे की त्याने स्वतःच सांगितले, कंबळा निराळा आणि धावपट्टी निराळी. पण प्रत्येकाजवळ हे शहाणपण असेल असे नाही. खोटे घड्याळ मुलाला दोनदा फसविते: एकदा डोक्यावर बसवून आणि एकदा खाली आपटून.

हातघड्याळाच्या वेळेची विजेच्या घड्याळाशी तुलना करताना शंभर मीटरांस ०.२४ सेकंद मिळविण्याचा प्रघात आहे. त्या वेगात हे दोन मीटरांहून जास्त अंतर होते. १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत मुंबईच्या लेव्ही पिंटो यांनी १०.८ सेकंदांत शंभर मीटर जिंकले. ती हातघड्याळाची वेळ होती, हे सांगितल्याने त्यांचे सुवर्णपदक तिळभर उणे होत नाही. आकडा मात्र खरा होतो.

याची दुसरी बाजू अधिक दुःखाची आहे. शाळेत शंभर मीटरांत मागे पडलेल्या मुलीला 'तुला पळता येत नाही' असे सांगून घरी बसविले जाते. तिची पहिली दहा पावले कोणी मोजलेलीच नसतात. आपल्या धाराशिवच्या सारिका काळे यांनी २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या खोखो संघाचे नेतृत्व करून सुवर्णपदक मिळविले आणि २०२० चा अर्जुन पुरस्कार पटकाविला. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीस खोखोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष व महिला दोन्ही चषक भारताने जिंकले आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. यांची परीक्षा केवळ शंभर मीटरांच्या घड्याळाने घेतली असती तर?

एका वाटेवरून दुसऱ्या वाटेस जाताही येते. अमेरिकेच्या बॉब हेजने १९६४ साली टोकियोस शंभर मीटरांचे सुवर्णपदक जिंकले आणि मग फुटबॉलमध्येही नाव गाजविले. आमच्या वांद्र्याच्या मेरी डिसूझा १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये शंभर व दोनशे मीटर धावल्या आणि भारताच्या हॉकी संघातूनही खेळल्या. साताऱ्याच्या माण तालुक्यातील ललिता बाबर शाळेत खोखो खेळत; पुढे त्यांनी लांब पल्ला धरला आणि २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठली. पण वाट बदलावयाची तर मुलाजवळ काय आहे ते आधी कळले पाहिजे.

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. शाळेच्या मैदानावर चुन्याने दहा, तीस आणि शंभर मीटरांच्या खुणा करा. चौथी परीक्षा वळण्याची ठेवा: दहा मीटरांवर खांब, त्यास वळसा घालून परत. घड्याळ प्रत्येकासाठी एकाच रीतीने सुरू करा. हल्ली घरोघरी मोबाइल आहे. त्याच्या चित्रफितीवरून हातघड्याळाहून नेमकी वेळ काढता येते. चार आकडे वहीत लिहा आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा घ्या. पहिल्या दहा मीटरांत पुढे असलेले मूल खोखो-कबड्डीकडे पाठवा, शंभरांत पुढे असलेले धावपट्टीकडे. जे दोन्हींत मागे असेल त्यास आणखी लांब पळवून पाहा. यास लागेल तो थोडा चुना आणि मास्तरांचा एक तास. पण त्यासाठी मैदान हवे, हे विसरू नका. दहा मीटरांचीही जागा जेथे वाहनांनी भरली आहे, तेथे कोणत्याच वेगाचे मूल वाढणार नाही. आणि ती जागा राखणे हे मास्तरांचे नव्हे, येथे बसलेल्या आपणा सर्वांचे काम आहे.

कोण अधिक वेगवान, असे आपणांस यापुढे कोणी विचारले तर उत्तरापूर्वी एवढेच विचारा: किती अंतरात, सरळ की वळून, आणि घड्याळ केव्हा सुरू केले? एवढे तीन प्रश्न या गावाच्या तोंडी बसले तर आमच्या बोलण्याचे सार्थक झाले.