अर्धांगवायूनंतर : संशोधनांत सहभागी व्हावें काय ?

अर्धांगवायूचा झटका ओसरल्यावर रोग्याच्या घरीं एक निराळाच काळ सुरू होतो. प्राणावरचें संकट टळलेलें असतें. पण हात लुळा पडलेला असतो, शब्द जिभेवर येऊन अडखळत असतो, आणि कालपर्यंत संसाराचा गाडा ओढणाऱ्या माणसास आज आपला घांस आपल्या हातानें घेतां येत नाहीं. अशा वेळीं समाचारास येणारा प्रत्येकजण एकेक उपाय सांगून जातो. कोणी औषधी तेल सुचवितो, कोणी पारव्याचें रक्त चोळावयास सांगतो, तर कोणी भारी रक्कम घेऊन मूलपेशी टोंचणाऱ्या दवाखान्याचा पत्ता देतो. याच दिवसांत एखादे वेळीं रुग्णालयांतील डॉक्टर विचारतात, "पक्षाघातानंतरच्या सुधारणेवर येथें एक संशोधन चाललें आहे, तुमच्या रोग्यास त्यांत सहभागी करावयाचें काय?" घरचीं माणसें दचकतात. "आमच्या माणसावर प्रयोग करावयाचा ?" हा पहिला उद्गार निघतो. ही शंका रास्त आहे. म्हणूनच तिचा विचार शांतपणें करावयास हवा.

मेंदूंतील रक्तवाहिनी गुठळीनें बंद झाली किंवा फुटली, म्हणजे तेथील पेशी मरतात. परंतु भोंवतालचा मेंदू त्यांचें काम थोडेंबहुत उचलूं लागतो. ही सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगानें होते, आणि पुढेंही मंद गतीनें चालूं राहूं शकते. फसगतीचें मूळ येथेंच आहे. ज्या दिवसांत हात आपोआप हलूं लागावयाचा, त्याच दिवसांत जो उपाय चालू असेल त्याच्या पदरांत यशाचें माप पडतें. तें तेलवाल्यास मिळतें, तसेंच मोठ्या पदवीच्या डॉक्टरासही मिळतें. गुण उपायानें आला कीं निसर्गानें, हें एका रोग्याकडे पाहून कोणासच सांगतां येत नाहीं.

यावर वैद्यकशास्त्रानें जी युक्ति काढली ती वरवर पाहतां निष्ठुर वाटते. सारख्याच स्थितींतील शेंकडों रोग्यांचे दोन गट करावयाचे. एकास नवा उपाय द्यावयाचा, दुसऱ्यास नेहमींचेच उपचार. कोण कोणत्या गटांत जाईल हें डॉक्टरानें ठरवावयाचें नाहीं, रोग्यानेंही नाहीं. चिठ्ठी टाकावी त्याप्रमाणें तें दैवावर सोंपवावयाचें. तपासणाऱ्यासही शक्यतों गटाची वार्ता लागूं द्यावयाची नाहीं. मग ठराविक महिन्यांनीं दोन्ही गट ताडून पाहावयाचे. चिठ्ठी एवढ्यासाठीं, कीं डॉक्टराची आवड आणि घरच्यांची आशा या दोहोंनीं उत्तर बिघडूं नये.

हा खटाटोप कशास, हें पुढील उदाहरणांवरून समजेल. झटका आल्यापासून चोवीस तासांच्या आंत रोग्यास बिछान्यावरून उठवून वारंवार उभें करावें, चालवावें, म्हणजे तो लौकर सुधारेल, असें पुष्कळ जाणत्यांस वाटत होतें. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, मलेशिया, सिंगापूर व ब्रिटन या पांच देशांतील ५६ रुग्णालयांत २१०४ रोग्यांवर याची परीक्षा झाली. २०१५ सालीं निकाल आला तो उलटा होता. घाईनें व अधिक प्रमाणांत उठविलेल्यांपैकीं शेंकडा ४६ जणांची स्थिति तीन महिन्यांनीं चांगली होती. नेहमींच्या गतीनें चाललेल्यांत हेंच प्रमाण शेंकडा ५० होतें. फ्लुओक्झेटीन या औषधाची कथाही अशीच आहे. २०११ सालीं फ्रान्समध्यें ११८ रोग्यांवर झालेल्या चाचणींत त्यानें हातापायांस बळ येतेंसें दिसलें. पण २०१८ सालीं ब्रिटनमधील ३१२७ रोग्यांच्या चाचणीचा निकाल आला, तेव्हां परावलंबन त्यानें कमी झालें नाहीं असें ठरलें. मनाची खिन्नता कांहींशी घटली, पण हाडें मोडण्याचें प्रमाण वाढलें.

सर्वच उत्तरें नकाराचीं नसतात. अमेरिकेंत २२२ रोग्यांपैकीं एका गटाच्या चांगल्या हातावर दोन आठवडे जागेपणींचा बहुतेक वेळ मोजा चढवून, दुबळ्या हाताकडून कसून काम करून घेण्यांत आलें. त्या गटाचा हात अधिक सुधारला व तो गुण वर्षभर टिकला, असें २००६ सालीं प्रसिद्ध झालें. हातांत थोडीफार हालचाल शिल्लक असलेल्या रोग्यांस हा मार्ग त्यामुळें खुला झाला.

आपल्या देशांतील एक चाचणी तर प्रत्येक कुटुंबानें ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. व्यायाम शिकविणारे तज्ज्ञ थोडे व रोगी फार. तेव्हां घरच्याच एखाद्या माणसास रुग्णालयांत शिकवून तयार करावें व पुढें दोन महिन्यांपर्यंत त्यानें घरीं रोग्याकडून सराव करून घ्यावा, अशी ती कल्पना. भारतांतील १४ रुग्णालयांतून १२५० रोगी तींत सहभागी झाले. मुलांनीं, सुनांनीं, पत्नींनीं मनापासून कष्ट घ्यावेत आणि त्यांस फळ यावें, असें कोणास वाटणार नाहीं ? परंतु २०१७ सालच्या निकालांत सहा महिन्यांनंतर दगावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रोग्यांचें प्रमाण दोन्ही गटांत शेंकडा ४७ इतकेंच भरलें. घरची शुश्रूषा निरुपयोगी, असा याचा अर्थ नव्हे. नेहमींच्या उपचारांत घातलेली ही विशिष्ट भर पुरी पडली नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. पण त्यावरून दोन गोष्टी निघतात. तज्ज्ञांची उणीव घरच्यांच्या माथीं मारून भागणार नाहीं, ही एक. आणि रोगी सुधारला नाहीं म्हणून "आपणच कमी पडलों" असें कोणत्याही मुलानें अथवा सुनेनें जिवाला लावून घेऊं नये, ही दुसरी.

मूलपेशींचेंही तसेंच. रोग्याच्याच अस्थिमज्जेंतील पेशी काढून त्या शिरेंतून देण्याची चाचणी भारतांत पांच केंद्रांत १२० रोग्यांवर झाली. २०१४ सालीं निष्कर्ष निघाला कीं उपाय निर्धोक दिसतो, पण गुण येत नाहीं. पक्षाघातावर या पेशी अद्याप प्रयोगावस्थेंतच आहेत, त्या बाजारांत विकावयाच्या नाहींत, असें भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ सालच्या नियमावलीचें सांगणें आहे. खरें संशोधन आणि त्याचें सोंग यांतील भेद ओळखण्याची ही सोपी खूण होय : संशोधनाच्या उपायासाठीं रोग्याकडून पैसे मागितले जात नाहींत, आणि गुण येण्याची हमीही दिली जात नाहीं.

तेव्हां सही करण्यापूर्वीं घरच्यांनीं कांहीं गोष्टी विचारून घ्याव्यात. नीतिसमितीची मान्यता आहे काय ? चाचणीची नोंद भारताच्या सार्वजनिक नोंदवहींत आहे काय ? ही नोंदवही २००७ सालीं सुरू झाली असून ती कोणासही पाहतां येते. दोन गटांत कोणास काय मिळणार, धोके कोणते, खेपा किती, हें समजेल अशा भाषेंत लिहून मिळालें पाहिजे. नव्या औषधांच्या चाचणीसाठीं २०१९ सालचे नियम आहेत. चाचणीमुळें इजा झाल्यास औषधपाणी फुकट व नुकसानभरपाई यांची तरतूद त्यांत आहे. शिवाय रोग्यास केव्हांही बाहेर पडतां येतें, आणि तेवढ्यावरून त्याचे नेहमींचे उपचार थांबवितां येत नाहींत.

वाचा गेलेल्या रोग्याविषयीं मात्र विशेष जपावें. बोलतां येत नाहीं म्हणजे समजत नाहीं, असें नव्हे. सावकाश, लहान वाक्यांनीं, चित्रें दाखवून व होय-नाहींच्या खुणेनें त्याचें मत घ्यावें. त्यास खरोखरच समजण्याजोगें नसेल तरच वारसानें त्याच्या वतीनें संमति द्यावी. आणि भान येतांच त्यास पुन्हा विचारावें.

आपला माणूस हमखास बरा होईल या भरंवशावर संशोधनांत जाणाऱ्याची निराशा होण्याचा संभव आहे. नकार देणें हाही त्याचा अधिकार आहे, आणि त्यांत कमीपणा कांहींच नाहीं. परंतु ज्यानें सर्व समजून होकार दिला, त्याच्या रोजच्या मोजमापांतून पुढच्या रोग्यास काय करावें आणि काय टाळावें हें ठरतें. आज रोग्यास किती घाईनें उठवावें, कोणती गोळी टाळावी, कोणत्या हातास कामाला लावावें, हें डॉक्टर सांगूं शकतात, तें अशाच अनाम माणसांच्या होकारामुळें.