खालच्या कोर्टातली २२ वर्षं



न्यायमूर्ती फातिमा बीवी म्हटलं की आपल्याला एकच वाक्य पाठ असतं: सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायाधीश. पण तिथे त्या होत्या जेमतेम अडीच वर्षं, ऑक्टोबर १९८९ ते एप्रिल १९९२. त्याच्या कितीतरी आधी २२ वर्षं त्या केरळच्या खालच्या न्यायालयांत बसल्या. मला आज त्या २२ वर्षांबद्दल बोलायचंय.

जन्म १९२७, गाव पत्तनंतिट्टा. विज्ञानाची पदवी घेतलेल्या या मुलीला वडिलांनी कायद्याकडे वळवलं. अ‍ॅना चंडी १९३७ साली त्रावणकोरात मुन्सफ झाल्या होत्या, ते त्यांच्या मनात होतं. दुसऱ्या बाईचं यश बघून आपल्या मुलीला पुढे करणारा बाप! १९५० साली सनद मिळाली, १९५८ साली त्या मुन्सफ झाल्या.

मुन्सफ म्हणजे आपल्याकडचा दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर. बांधाचं भांडण, घरभाडं, वाटणी, उसने दिलेले पैसे. इथे सहसा वार्ताहर फिरकत नाही. आपल्या वस्तीतल्या बहुतेकांसाठी मात्र ‘कोर्ट’ म्हणजे तालुक्याचं हेच कोर्ट. दिल्लीचा निकाल टीव्हीवर दिसतो. जामीन आणि खावटी इथे मिळते, किंवा पुढची तारीख मिळते.

पुढची पायरी चढायला त्यांना दहा वर्षं लागली. १९६८ सबऑर्डिनेट जज, १९७२ मुख्य न्यायदंडाधिकारी, १९७४ जिल्हा व सत्र न्यायाधीश. १९८० साली त्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणावर गेल्या, १९८३ साली उच्च न्यायालयात.

त्यांचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. तामिळनाडूच्या राज्यपाल असताना २००१ साली त्यांनी जयललितांना मुख्यमंत्रिपदाची शपथ दिली. करुणानिधींच्या अटकेवरून उठलेल्या वादात त्यांना पद सोडावं लागलं आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने जयललितांची नेमणूकच रद्द ठरवली. तेही वाचा.

आता तुमच्याविषयी. आपल्या राज्यात या पदाची परीक्षा एमपीएससी घेते. मराठी लिहिता-वाचता आणि भाषांतर करता यावं लागतं. त्यात तुम्ही कमी नाही. अडचण दुसरीच आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. कोर्ट न पाहिलेला न्यायाधीश नको, हे मला पटतं. पण पेंढाखाली भाड्याने राहणाऱ्या, किंवा बेकरीत राबणाऱ्या बापाच्या मुलीने ती तीन वर्षं काढायची कशी? ज्युनियरला सुरुवातीला हातात काय पडतं, ते इथल्या वकिलांना ठाऊक आहे. आणि घरी एकच पालुपद, ‘शिकलीस ना, आता निकाह.’

म्हणून माझं आजचं बोलणं त्या वकीलसाहेबांशी आहे, जे मागच्या रांगेत बसलेत. तुमच्या ऑफिसात एक मुलगी घ्या, दरमहा ठरलेलं मानधन देऊन, पूर्ण तीन वर्षं. चहाच्या वेळी मी वही घेऊन दारात उभा आहे. नाव लिहूनच जा.