डब्याची पाठ वाचा : गाडीला कुठलं ऑइल घालायचं?

हेडफोन लावलेत ना? चला, सुरू करूया.

मागच्या भागात टायरमधल्या हवेवर बोललो होतो. त्यानंतर मेसेजमध्ये सगळ्यात जास्त वेळा एकच प्रश्न आला, "दादा, बेस्ट इंजिन ऑइल कुठलं?" उत्तर मी आत्ताच सांगून टाकतो. सगळ्या गाड्यांना बेस्ट असं ऑइल नसतं. तुमच्या गाडीला चालणारं ऑइल असतं, आणि ते कुठलं हे तुमच्या गाडीच्या पुस्तकात छापलेलं असतं. झालं, एपिसोड संपला!

नाही, थांबा. हे वाक्य मला ५२ हजार रुपयांना पडलंय. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नोकरी लागल्यावर मी एक सेकंडहँड डिझेल गाडी घेतली. अर्धे पैसे माझे आणि अर्धे बाबांच्या रिटायरमेंटच्या पैशातले. बाबा तेव्हा एवढंच म्हणाले, "नीट वापर." पहिल्या सर्व्हिसिंगला ओळखीच्या गॅरेजमध्ये गेलो. तिथले काका म्हणाले, "जुनी गाडी आहे, सत्तर हजार पळालीय. पातळ ऑइल कशाला? जाड घाल, इंजिनाला बरं." त्यांनी २०डब्ल्यू-५०चा डबा काढला. मी विचारलं, "स्वस्त पडेल का?" पाचशे रुपये वाचत होते. मी खूश.

थंडी आली. सकाळी गाडी सुरू केली की पहिले दोन-तीन सेकंद इंजिनातून खडखड आवाज यायचा आणि मग बंद व्हायचा. मी म्हटलं, डिझेल आहे, आवाज करणारच. वरून ऑइल बदलायची वेळही टळून गेली. 'पुढच्या पगाराला बघू' करत तीन महिने गेले.

आणि एका शनिवारी आई-बाबांना घेऊन साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकीच्या चढणीला इंजिनात काहीतरी कडकन वाजलं आणि गाडी बंद. मागे भरलेला ट्रक. ब्रेक दोन-तीनदा दाबल्यावर पॅडल दगडासारखं कडक झालं, कारण इंजिन बंद पडलं की ब्रेकला मिळणारी मदतही संपते. हँडब्रेक ओढला. बाबा त्या वयात पटकन खाली उतरले आणि दगड शोधून मागच्या चाकाला लावला. ट्रकवाला देवमाणूस, त्याने लांबूनच ब्रेक मारून मागची गाड्यांची रांग थोपवली. आई आत बसून नुसती माझ्याकडे बघत होती. तिची ती नजर मी अजून विसरलेलो नाही.

साताऱ्यात मेकॅनिकने इंजिन उघडलं. टायमिंग चेन सैल होऊन दात चुकली होती आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळले होते. ती चेन ताणून धरणारा जो टेन्शनर असतो, तो ऑइलच्याच दाबावर चालतो. सकाळचा तो खडखडाट म्हणजे ऑइल वेळेवर न पोचल्याने सैल चेन वाजत होती. मेकॅनिक प्रामाणिक होता. म्हणाला, "एकट्या जाड ऑइलनं झालं असं मी म्हणणार नाही. ऑइल जुनं झालंय, लेव्हलही कमी आहे, तिन्ही गोष्टी मिळून झालंय." बाबांनी बिल बघितलं. रागावले नाहीत. फक्त विचारलं, "गाडीचं पुस्तक उघडून बघितलं होतंस का रे?"

पुस्तक ग्लोव्हबॉक्समध्ये होतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत, सील न फोडलेलं. आधीच्या मालकानेही उघडलं नव्हतं. त्यात स्पष्ट छापलं होतं, ५डब्ल्यू-३०.

तर आता हे आकडे समजून घेऊया. ५डब्ल्यू-३० मधला 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, हिवाळा. वजन नाही. डब्ल्यूच्या आधीचा आकडा सांगतो की ऑइल थंड असताना किती सहज वाहतं. आकडा जितका लहान, तितकं थंडीत पटकन वाहणार. डब्ल्यूनंतरचा आकडा सांगतो की इंजिन पूर्ण तापल्यावर, म्हणजे १०० अंश सेल्सिअसला, ऑइल किती जाड राहतं. आकडा मोठा म्हणजे जाड.

आता कोणीतरी म्हणेल, "दादा, आपल्या नाशकात काय बर्फ पडतो का?" नाही पडत. पण इंजिनाच्या दृष्टीने सकाळचे १५ अंशही थंडीच असते, कारण त्याचं काम चालतं १०० अंशांच्या आसपास. ४० अंशांना मोजलं तरी २०डब्ल्यू-५० हे ५डब्ल्यू-३० पेक्षा साधारण अडीच पट घट्ट असतं. थंडीत मध कसा चमच्यावरून उतरायला वेळ लावतो, तसंच. आणि रात्रभर बहुतेक ऑइल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं. सकाळी ते वरपर्यंत चढेपर्यंत वरचे भाग जवळजवळ कोरडे फिरतात. इंजिनाची बरीच झीज या सुरुवातीच्या काळात होते.

मग जाड ऑइल वाईट का? अजिबात नाही. ज्या इंजिनात पार्टमधली फट जाड ऑइल धरून ठरवलेली असते, त्याला जाडच लागतं. नवीन इंजिनांमधल्या फटी बारीक असतात, ऑइलच्या वाटा अरुंद असतात, म्हणून त्यांना पातळ लागतं. हल्लीच्या बऱ्याच पेट्रोल आणि हायब्रिड गाड्यांना तर ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ सांगितलेलं असतं. ते पाण्यासारखं पातळ दिसतं म्हणून घाबरू नका. कंपनीने इंजिन त्यासाठीच बनवलंय. बऱ्याच पुस्तकांत बाहेरचं तापमान आणि ऑइलचा ग्रेड असा एक तक्ता असतो. गाडी जुनी झाली, ऑइल खायला लागली, तर त्या तक्त्यातला एक पायरी जाड ग्रेड मेकॅनिकला विचारून घेता येतो. पण तक्त्याच्या बाहेर उडी मारायची नाही. मी मारली होती.

पण नुसता ग्रेड जुळला म्हणजे काम झालं असं नाही. इथेच बहुतेक जण फसतात. डब्याच्या पुढच्या बाजूला रेसिंगची गाडी, सोनेरी अक्षरं, 'अल्ट्रा', 'मॅक्स' असं काय काय असतं. ते सोडा. डबा उलटा करा आणि पाठ वाचा. तिथे बारीक अक्षरात एपीआय किंवा एसीईए असं काहीतरी लिहिलेलं असतं. तीच ऑइलची खरी मार्कशीट.

एपीआयमध्ये 'एस'ने सुरू होणारं पेट्रोल इंजिनसाठी, 'सी'ने सुरू होणारं डिझेलसाठी. पेट्रोलमध्ये पुढचं अक्षर जितकं पुढचं, तितका दर्जा नवा. एसएन २०१० मध्ये आला, एसपी २०२० मध्ये. पुस्तकात एसएन लिहिलं असेल आणि ग्रेड तोच असेल, तर एसपी चालतं. उलटं करू नका, एसपी सांगितलेल्या गाडीत जुना दर्जा घालू नका. खास करून तुमची गाडी टर्बो पेट्रोल असेल तर. या छोट्या टर्बो इंजिनांमध्ये कमी वेगात जोर देताना इंधन वेळेआधीच पेटण्याचा धोका असतो आणि त्याने पिस्टन फुटू शकतो. एसपी दर्जात त्यापासून बचावाची परीक्षा आहे, आणि टायमिंग चेनच्या झिजेचीही. माझ्या बिलात चेनच होती, त्यामुळे ही ओळ वाचताना मला कसं वाटलं असेल, विचार करा.

आता डिझेलवाल्यांनो, कान द्या. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ लागू झालं. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर एक फिल्टर असतो, डीपीएफ. तो काजळी अडवतो आणि मधूनमधून ती जाळून स्वतःला साफ करतो. पण ऑइलमधल्या काही रसायनांची राख होते, आणि राख जळत नाही. चुलीत लाकूड जळून जातं, राख मात्र हाताने काढावी लागते ना? तसंच. साधं ऑइल वापरलं तर ही राख फिल्टरमध्ये साचत जाते आणि तो वेळेआधी तुंबतो. नवीन फिल्टर भयंकर महाग. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं, डब्यावर एसीईए सी२ किंवा सी३ असं लिहिलेलं. यातलं नेमकं कुठलं, ते पुन्हा पुस्तकात.

बाइकवाल्यांसाठी एक मिनिट. कारचं उरलेलं ऑइल बाइकमध्ये ओतायचा मोह होतो. नको. बहुतेक बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये भिजलेला असतो. कारच्या ऑइलमध्ये घसरण वाढवणारे घटक असू शकतात, त्याने क्लच सरकायला लागतो. बाइकच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए२ बघा. स्कूटरला बहुधा एमबी सांगतात, कारण तिचा क्लच कोरडा असतो.

सिंथेटिक की मिनरल? सिंथेटिक उष्णता जास्त सहन करतं, थंडीत लवकर वाहतं, हे खरं. पण चुकीच्या ग्रेडचं महाग सिंथेटिक हे चुकीचंच ऑइल. आणि 'एकदा सिंथेटिक घातलं की परत मिनरल घालता येत नाही' हे खरं नाही. पुस्तकातला ग्रेड आणि दर्जा जुळला पाहिजे, एवढंच.

कधी बदलायचं? बऱ्याच पेट्रोल गाड्यांना १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. हे 'जे आधी येईल ते' लोक वाचतच नाहीत. गाडी वर्षभर पार्किंगमध्ये उभी असली तरी ऑइल जुनं होतं. रोज हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तासभर रांगणारी गाडी किलोमीटर कमी दाखवते, पण तिचं इंजिन चालूच असतं. पुस्तकात 'कठीण वापर' असं वेगळं पान असतं, त्यात मुदत कमी दिलेली असते. आपल्यापैकी बरेच जण त्याच पानावर राहतो.

आता घरी करायचं काम. गाडी सपाट जागेवर लावा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा. डिपस्टिक काढा, पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला, काढून बघा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. खाली असेल तर थोडं थोडं भरा. वरच्या खुणेच्या वर मात्र जायचं नाही, कारण जास्त ऑइल घुसळून फेस होतो आणि फेस काही वंगण देत नाही. डिझेलचं ऑइल लवकर काळं पडतं, त्याची चिंता नको. दुधी चहासारखं दिसलं तर मात्र गाडी सुरू करू नका, त्यात पाणी किंवा कूलंट मिसळलंय. आणि डीपीएफवाल्या डिझेलमध्ये लेव्हल आपोआप वाढलेली दिसली, तर ऑइलमध्ये डिझेल उतरतंय. थेट मेकॅनिक गाठा.

शेवटची गोष्ट, नकली ऑइल. भरवशाच्या दुकानातून घ्या, पक्कं बिल घ्या, सील आणि तारीख बघा. डबा तुमच्यासमोर उघडायला सांगा आणि रिकामा झाला की त्याला भोक पाडा. नाहीतर तोच डबा पुन्हा भरून कोणाच्या तरी माथी मारला जातो. गॅरेजवाल्या काकांना राग येईल असं वाटतं ना? मलाही वाटायचं. आता मी हसत सांगतो, "काका, चहा मी आणतो, डबा तुम्ही माझ्यासमोर उघडा." चालतं त्यांना.

ती गाडी अजून माझ्याकडेच आहे. परवा ऑइल बदलायला गेलो तेव्हा बाबा बरोबर होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी खिशातून चष्मा काढला, डबा उलटा केला आणि पाठ वाचायला लागले. पूर्ण वाचून झाल्यावर म्हणाले, "हं, घाल."

तर आज घरी गेलात की ग्लोव्हबॉक्स उघडा, पुस्तकातलं ऑइलचं पान शोधा आणि त्याचा फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे. पुढच्या वेळी कोणी "जाड घाल" म्हणालं, तर तो फोटो दाखवा.

पुढच्या भागात बॅटरीवर बोलू. तोपर्यंत गाडी जपून चालवा. भेटूच!