दापोलीचे विद्यापीठ आणि आपला काजू



विद्यापीठ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पदवीचा झगा येतो. मी आज बोलणार आहे ते काजूच्या कलमाविषयी.

वेंगुर्ल्यास १९५७ साली फळसंशोधन केंद्र निघाले. १९७२ मध्ये दापोलीस कृषी विद्यापीठ झाले आणि केंद्र त्याच्याकडे आले. बी लावून आलेले झाड आईच्या गुणाचे निघेलच असे नाही; कलम निघते. तेथील 'वेंगुर्ला-७' जातीची बी सुमारे १० ग्रॅम भरते, त्यात गर साधारण ३० टक्के. म्हणजे किलोभर गरासाठी ३५०च्या आत बिया फोडाव्या लागतात. बी ५ ग्रॅमची असेल तर दुप्पट! कारखान्यात ज्यांची बोटे चिकाने पोळतात त्यांना हा हिशेब मी काय सांगू?

पण नुसत्या संशोधनाने डोंगर हिरवे झाले नाहीत. १९९० साली रोजगार हमी योजनेतून फळबागांना अनुदान मिळू लागले, तेव्हा कुठे कलमे वरकस जमिनीपर्यंत पोचली. बाग मात्र सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याची. फोडणारीच्या वाट्याला किलोमागे मजुरी.

तेव्हा माझी सूचना अशी, की कलमे बांधण्याचे शिक्षण घेण्यास मंडळाने यंदाच चार जणी पाठवाव्यात. गाडीभाडे निधीतून द्यावे. नावे आजच सभेनंतर चिटणीसबाईंकडे नोंदवा.